चोवीस तासांचा माणूस की केअर सेंटर: डोंबिवली-बदलापूरचा आमचा हिशेब

घरी राहून पेशंट सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा चोवीस तासांचा माणूस महिना २७,००० रुपये आणि बदलापूरकडचं केअर सेंटर ३२,००० रुपये. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की घरच स्वस्त दिसतं. माझ्या वडिलांसाठी आम्ही आधी घरी माणूस ठेवला, आता ते सेंटरमध्ये आहेत. दोन्हीचे पैसे भरलेत म्हणून सविस्तर लिहितेय. अण्णांना पार्किन्सन्स आहे. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं, अंगकाठी मजबूत, वजन अजून सत्तर किलोच्या आसपास. वजन मुद्दाम सांगतेय, कारण त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला किती माणसं लागतात यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

आधी घरचं. ब्युरोचे दिवसाला ९००. माणूस आपल्याकडेच राहणार, म्हणजे दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा, साबण-तेल आपलं. त्याचे साडेचार हजार धरा. वरखाली होणारा पलंग भाड्याने २,५००. डायपरचे ३,६००. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, एका खेपेचे ५००, म्हणजे साडेसहा हजारांच्या घरात. बेरीज ४४,००० च्या पुढे जाते. औषधं दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती धरलेली नाहीत. माणूस महिन्यातून दोन दिवस सुट्टीवर जाणार. बदलीचा माणूस महाग पडतो आणि त्याला पेशंटची काहीच माहिती नसते. गणपतीत आणि होळीत बदलीसुद्धा मिळत नाही. तेव्हा मी शाळेतून रजा काढायची. ती रजाही खर्चात धरायला हवी, आणि सहसा धरली जात नाही ती बाईमाणसाचीच.

पण आमच्याकडे आलेले मामा (आम्ही त्यांना मामाच म्हणायचो) फार चांगले होते. पार्किन्सन्सची गोळी घड्याळाच्या काट्यावर लागते, जेवणाआधी अर्धा तास तरी. प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही. गोळी उशिरा झाली तर अण्णा लाकडासारखे ताठ होतात, घासही गिळता येत नाही. मामांनी मोबाइलमध्ये पाच गजर लावले होते आणि एकही गोळी कधी चुकली नाही. दाढी करताना ते अण्णांना गाड्यांच्या इंजिनाबद्दल विचारायचे. अण्णांचा आवाज अगदी बारीक झालाय, तरी त्या वेळी ते बोलायचे. अशी सेवा पैशाने मोजता येत नाही.

अडलं ते रात्रीपाशी. अण्णांना झोपेत कूस बदलता येत नाही, लघवीला चार-पाचदा उठवावं लागतं, कधी स्वप्नात ओरडून उठतात. ब्युरोच्या अटींप्रमाणे मामांना रात्रीची झोप मिळायला हवी होती, आणि ते रास्तच आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री पाचदा उठवणं हा अन्याय आहे. मग रात्री आई उठायची, पंचाहत्तरीची, गुडघे धरत. रात्रीसाठी दुसरा माणूस विचारला तर बारा तासांचे ७५०, म्हणजे महिन्याला आणखी २२,५००. एकूण ६६,००० च्या वर. शिवाय वन बीएचकेमध्ये दोन परके पुरुष, आणि आईला स्वतःच्या घरात आडवं पडायला जागा नाही.

तिथून पुढे सेंटर स्वस्त पडलं. दोघांच्या खोलीचे ३२,०००, त्यात जेवण, कपडे धुणं, आठवड्याची डॉक्टरची फेरी आणि रात्रपाळीला जागा राहणारा स्टाफ. डायपर आपले. फिजिओ वेगळा, पण तिथे बरेच पेशंट असल्यामुळे निम्म्या दरात. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, ड्रेसिंग यांचं बिल वेगळं. धरून चाला ३९,००० ते ४०,०००. सुरुवातीला १,००,००० डिपॉझिट, त्यातले २५,००० परत मिळत नाहीत. दरवर्षी दर वाढणार हे करारातच लिहिलंय.

सेंटरची खरी उणीव गोळ्यांच्या वेळांची. तिथे औषधं सकाळ-दुपार-रात्र अशी ट्रॉलीवर फिरतात आणि अण्णांना दिवसातून पाचदा लागतात. पहिले काही आठवडे मी रोज फोन करून भांडले. शेवटी न्यूरोलॉजिस्टकडून वेळा लिहिलेली चिठ्ठी आणून पलंगाच्या डोक्याशी चिकटवली, तेव्हा सुधारलं. अजूनही स्टाफ बदलला की अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतंच. दाढी होते, पण गप्पा होत नाहीत. एका अटेंडंटकडे सहा-सात जण असतील तर वेळ कुठून आणणार?

दाखल करावं लागलं तर दवाखान्यात थांबायला माणूस आपलाच, आणि तेवढे दिवस खोलीचं भाडंही चालू. विम्याकडून आशा ठेवू नका. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ते जरूर काढा. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाचं. ब्युरोचं किंवा सेंटरचं बिल त्यातून निघत नाही. आमचं निघतं ते अण्णांच्या साठवलेल्या पैशातून, माझ्या पगारातून आणि नागपूरहून भाऊ पाठवतो त्यातून.

माझं मत विचाराल तर पेशंट रात्री झोपत असेल आणि एका माणसाला उचलता येत असेल, तोवर घरीच ठेवा. चार-पाच हजार जास्त गेले तरी घरीच. रात्र जागती झाली की सेंटर बघायला लागा, घरातलं दुसरं म्हातारं माणूस आजारी पडायच्या आधी.

बघायला जाल तेव्हा मॅनेजरने दिलेल्या वेळेला जाऊ नका. रात्री नऊनंतर जा, रात्रपाळीला किती जण आहेत ते मोजा, आणि पेशंटांच्या पाठी-टाचांवर जखमा किती जणांना आहेत ते सरळ विचारा. पेशंट महिन्याच्या मध्येच गेला किंवा घरी नेला तर उरलेल्या दिवसांचे पैसे आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्या.