बाउंडरी वॉटर्सचं परमिट कुणी ‘विकत’ असेल तर

जुलैतल्या शनिवारसाठी मूस लेकवरून बाउंडरी वॉटर्सच्या जंगलात शिरायचं असतं, बुकिंगच्या साइटवर त्या दिवशी शून्य परमिटं दिसतात. तेवढ्यात फेसबुक ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘आमचा बेत फिसकटला, चौघांचं परमिट 280 डॉलरला देतो.’ मिनियापोलिस, शिकागोकडची आपली मंडळी इथेच गळाला लागतात.

उत्तर मिनेसोटातल्या या जंगलात 1 मे ते 30 सप्टेंबर मुक्कामाला कोटा असतो. परमिटाचं आरक्षण रिक्रिएशन डॉट जीओव्ही या सरकारी साइटवरच होतं: मोठ्या माणसाला 16 डॉलर, सगळ्या गटाचे मिळून आरक्षणाचे वर 6. म्हणजे चौघांचे 70. पण जास्त पैसे गेले हे दुखणं नव्हेच. परमिट दुसऱ्याला देताच येत नाही. ते हातात पडतं फक्त गटप्रमुखाला किंवा बुकिंग करतानाच नोंदवलेल्या पर्यायी प्रमुखाला, तेही फोटो ओळखपत्र दाखवल्यावर. ‘तुमचं नाव आता घालून देतो’ ही शुद्ध थाप.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट येतो. तो खराही असू शकतो. एकच स्क्रीनशॉट चार जणांना विकायला काय लागतं? खोटा असेल तर बारकावे चुकतात. एंट्री पॉइंट म्हणजे आत शिरायची ठरलेली जागा, प्रत्येकीला आकडा असतो: 25 म्हणजे मूस लेक, 30 म्हणजे लेक वन. आकडा आणि तळं जुळतंय का बघा. गटात कमाल 9 माणसं आणि 4 होड्या चालतात, त्यामुळे ‘बारा जणांचं परमिट’ तिथेच बाद. ‘तळ्याकाठची कॅम्पसाइट राखून ठेवतो’ म्हणणाराही ठगच, कारण आतल्या जागा राखून ठेवता येत नाहीत. जो आधी पोचेल त्याची.

पैसे झेल या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने मागतात, कारण आपण स्वतः पाठवलेली रक्कम परत मिळणं महाकठीण. मग मिनियापोलिसहून चार तास गाडी हाकून जंगलालगतच्या ईली गावी पोचायचं, परमिटाच्या काउंटरवर नाव जुळत नाही, आणि भाड्याची कॅनू टपावर तशीच बांधलेली.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला फोन करा, मग एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवर तक्रार नोंदवा. चॅट पुसू नका.

सहल मात्र वाचू शकते. रद्द झालेली परमिटं त्याच साइटवर परत येतात. कमी गर्दीचा एंट्री पॉइंट किंवा मंगळवार-बुधवार बघा. तेही नाही जमलं तर सुपीरियर नॅशनल फॉरेस्टमध्येच, पण बाउंडरी वॉटर्सच्या राखीव जंगलाच्या हद्दीबाहेर, तळ्याकाठच्या साध्या जागा आहेत. तिथे हे कोट्याचं परमिट लागत नाही. डास तेवढेच.