येट्सचं चरित्र: एलमन घ्यावा की फॉस्टर?

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सच्या कविता वाचून झाल्यात आणि आता माणूस कसा होता ते वाचायचंय, तर फिरून दोनच नावं समोर येतात, रिचर्ड एलमनचं 'येट्स: द मॅन अँड द मास्क्स' आणि आर. एफ. फॉस्टरचे दोन जाडजूड खंड.

मी एलमन आधी वाचला आणि भारावून गेलो. पुस्तक 1948 चं, म्हणजे येट्सचा देह फ्रान्सहून आणून आयर्लंडमधल्या ड्रमक्लिफला पुरला त्याच वर्षीचं. येट्सच्या बायकोने, जॉर्जने, घरातली हस्तलिखितं एलमनला मोकळेपणाने दाखवली होती, त्यामुळे त्यात जी जवळीक आहे ती फॉस्टरमध्ये नाही. कविता कशी घडत गेली हेही एलमनच जास्त छान सांगतो असं मला वाटतं.

पण तो मुखवटा! येट्स खऱ्या स्वतःवर मुखवटे चढवून जगला, हे एलमनचं सूत्र. बुजरं लहानपण घ्या, बापाशी वाद घ्या, जिच्यावर त्याचं प्रेम होतं त्या मॉड गॉनचा लग्नाला नकार, गूढविद्या, काहीही घ्या, उत्तर फिरून मुखवट्यापाशीच येतं. अर्ध्या पुस्तकानंतर मला पुढचं उत्तर आधीच कळायला लागलं आणि तिथेच माझं मन उडालं. कुणाला हीच मांडणी आवडेलही, पण माणूस एवढा एका सूत्रात बसतो हे मला पटेना.

फॉस्टर मुळात इतिहासकार, तो तारखेने चालतो. 'ईस्टर 1916' बघा ना, डब्लिनमधला ब्रिटिशांविरुद्धचा उठाव एप्रिलचा, कविता त्याच सप्टेंबरात तयार, पण खासगीत छापल्या फक्त 25 प्रती आणि सगळ्यांसमोर आली थेट 1920 मध्ये, कारण मधल्या काळात ह्यू लेन या चित्रसंग्राहकाची चित्रं लंडनहून डब्लिनला परत आणायची खटपट चालू होती आणि ब्रिटिश सरकारला उगाच दुखवून चालणार नव्हतं, असाही हिशोब त्यात दिसतो. हाच येट्स 1925 ला आयरिश सिनेटमध्ये घटस्फोटबंदीविरुद्ध कडाडून बोलतो आणि 1933 ला ब्लूशर्टवाल्यांसाठी, म्हणजे फॅसिस्ट वळणाच्या आयरिश संघटनेसाठी, गाणी लिहितो. फॉस्टर हे जुळवत बसत नाही, विसंगती तशीच समोर ठेवतो, आणि मला येट्स तिथे खरा भेटला.

नावांची गर्दी मात्र आहे, पहिल्या खंडातली डब्लिनच्या ॲबी थिएटरची (येट्सने उभारलेल्या नाट्यगृहाची) भांडणं तर संपतच नाहीत. कविता ओळखीच्या असतील तर सरळ दुसरा खंड घ्या, 'द आर्च-पोएट', 1915 पासूनचा. आपल्या बडनेऱ्याचे पुरोहित स्वामी, ज्यांच्यासोबत येट्सने मायोर्कात बसून उपनिषदं इंग्रजीत आणली, तेही याच काळातले.