प्रोस्टेटचा एमआरआय : जागा अचूक दाखवतो, निकाल देत नाही

तीन टेस्लाचं मशीन, साधारण ३० ते ४० मिनिटं आणि शेवटी रिपोर्टात 'पाय-रॅड्स ५'. हा आकडा वाचला की घरात कॅन्सर झाल्यासारखीच रडारड सुरू होते. थांबा. पाय-रॅड्स ही एक ते पाचची मोजपट्टी; ती कॅन्सरचा संशय किती दाट ते सांगते, निदान नव्हे.

तपासणीची खरी दुबळी बाजू म्हणजे ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेटची गाठी करणारी सूज, कॅन्सर नव्हे. बोटाने तपासताना दगडासारखी गाठ, पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) वाढलेला, एमआरआयच्या टी-टू चित्रात काळा डाग, डिफ्यूजन (पेशींमधल्या पाण्याची हालचाल) अडलेलं: सगळं हुबेहूब कॅन्सरसारखं. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी पिशवीत बीसीजी (टीबीच्या लशीतले जिवंत जंतू) सोडलेल्यांत हे विशेष दिसतं. क्षयाची गाठ आतून पू धरते तेव्हा कॉन्ट्रास्टनंतर (शिरेतून दिलेल्या औषधानंतर) फक्त कडा उजळते. तेवढा एक धागा हाती लागतो, तोही दरवेळी नाही.

म्हणून फॉर्मवर बीसीजी, जुना टीबी, अलीकडचा लघवीचा संसर्ग हे ठळक लिहा. सेंटरवाले बहुधा विचारत नाहीत, हीच मोठी तक्रार. बायोप्सी झाली असेल तर एमआरआयआधी किमान सहा आठवडे थांबा, नाहीतर साकळलेलं रक्त चित्र बिघडवतं. कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आधी करून न्या.

निकाल अखेर बायोप्सीचाच. तिथेही फेसाळ पेशी पाहून वरच्या ग्रेडच्या कॅन्सरचा भास होऊ शकतो. शंका असल्यास केराटिन (कॅन्सरच्या पेशी रंगवणारा) आणि सीडी-६८ (सुजेच्या पेशी रंगवणारा) हे स्टेन मागा, टीबीच्या जंतूंसाठी झेडएन स्टेन. मॅलाकोप्लाकिया या सुजेच्या दुर्मिळ प्रकारात पेशींमध्ये मायकेलिस-गुटमन गोळ्या दिसतात.

एमआरआयला माझे गुण: जागा हेरायला पाचपैकी साडेचार, कॅन्सर आणि सूज यांतला फरक ओळखायला जेमतेम दोन.