प्रदूषण कायद्यांच्या अनुपालनाची वार्षिक सल्लासेवा : अंबडमधील एका लहान कारखान्याचा अभिप्राय

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचा (धातूच्या वस्तूंवर पावडरचा रंग चढवण्याचा) लहान कारखाना चालवणाऱ्याची प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यांशी गाठ फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या, म्हणजे उद्योग चालवण्याच्या परवानगीच्या, नूतनीकरणाच्या वेळी पडते, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. २०२३ पासून कायद्यांत ज्या वेगाने दुरुस्त्या होत आहेत, त्यामुळे ती समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. म्हणूनच सातपूर-अंबड पट्ट्यात 'पर्यावरण अनुपालन' या नावाने वार्षिक सेवा विकणाऱ्या सल्लागारांची संख्या वाढली आहे. त्यांपैकी एका फर्मची सेवा आम्ही एक आर्थिक वर्ष वापरली. फर्मचे नाव मुद्दाम देत नाही, कारण गुण-दोष बऱ्याच अंशी या सेवेच्या पद्धतीचेच आहेत आणि शेजारच्या गाळ्यांमध्ये इतर फर्मांविषयीही साधारण हेच ऐकू येते.

वार्षिक शुल्क अठ्ठेचाळीस हजार रुपये, जीएसटी वेगळा. त्या बदल्यात संमतीपत्राचे अर्ज, वार्षिक विवरणपत्रे, धोकादायक कचऱ्याच्या नोंदी, दर तीन महिन्यांनी कारखान्याची पाहणी आणि कायद्यात काही बदल झाल्यास त्याचे लेखी टिपण एवढे देण्याचे करारात नमूद होते. सांडपाण्याच्या नमुन्याची तपासणी, सनदी लेखापालाचे भांडवली गुंतवणुकीचे प्रमाणपत्र आणि मंडळाचे शुल्क यांचा खर्च अर्थातच आमचा. मंडळाचे संमतीशुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यामुळे ते प्रमाणपत्र वेळेत मिळणे महत्त्वाचे असते. फर्मने त्याची आठवण दीड महिना आधी करून दिली आणि अर्ज एकही त्रुटी न निघता ऑनलाइन दाखल झाला. या भागाविषयी तक्रार नाही. मात्र एवढ्याच कामासाठी कोणी ही सेवा घेणार असेल तर घेऊ नये. कार्यालयातील संगणक हाताळणारा कोणताही नीटनेटका माणूस मंडळाच्या संकेतस्थळावर हे काम करू शकतो.

सेवेची खरी किंमत कळते ती कायदेविषयक टिपणांत. पहिले टिपण अनेक कायद्यांतील शिक्षा सौम्य करणाऱ्या जनविश्वास कायदा, २०२३ याविषयी होते, आणि ते मी आजवर वाचलेल्या अशा प्रकारच्या कागदांत सर्वांत उपयुक्त ठरले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम १५ नुसार पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून, त्याऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत शास्ती (फौजदारी खटल्याशिवाय आकारला जाणारा दंड) लागते आणि उल्लंघन चालूच राहिल्यास दर दिवसाला आणखी दहा हजार. ती ठरवण्याचे काम न्यायालयाचे नसून न्यायनिर्णय अधिकाऱ्याचे आहे. चौकशी कशी करायची याचे नियमही नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. नव्वद दिवसांत शास्ती भरली नाही, तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैदेची किंवा दुप्पट रकमेच्या दंडाची तरतूद कायम आहे. टिपणात पुढे एक वाक्य ठळक अक्षरांत होते आणि ते योग्यच होते : धोकादायक कचरा, प्लॅस्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या आणि घनकचरा या सगळ्यांचे नियम याच १९८६ च्या कायद्याखाली केलेले असल्याने, एका कलमातील दुरुस्ती या सर्व नियमांना एकाच वेळी लागू झाली.

आमच्यासारख्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे समजावून सांगणारे लोक नाशिकमध्ये फार थोडे आहेत. 'तुरुंग गेला, आता नुसता दंड' असे चहाच्या टपरीवर म्हटले जाते, आणि ते ऐकून काही जण निर्धास्तही झाले. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. फौजदारी खटला उभा करणे मंडळाला वेळखाऊ होते, पुरावा संशयापलीकडे सिद्ध करावा लागे, आणि म्हणून किरकोळ उल्लंघनावर खटला क्वचितच होत असे. आता निर्णय कार्यालयीन चौकशीत होणार आहे आणि तिथे उपयोगी पडेल तो तुमचा नोंदवहीचा कागद. लहान कारखान्याला पंधरा लाखांची शास्ती म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. फर्मच्या टिपणाने ही गोष्ट कोणतीही भीती न दाखवता मांडली, याबद्दल तिला पूर्ण गुण देतो. नाहीतर या धंद्यात घाबरवूनच करार करून घेणारे काही कमी नाहीत.

दुसऱ्या टिपणाविषयी असे म्हणता येत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) दुरुस्ती अधिनियम, २०२४ आल्यानंतर फर्मने जे पान पाठवले, त्यात 'जल कायद्यातीलही कैद रद्द' असे सरसकट लिहिले होते. दोन बाबतींत हे विधान अपुरे होते. पहिली बाब अशी की, पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्याने १९७४ चा मूळ कायदाच संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली राज्यांच्या ठरावांवर उभा आहे. २०२४ ची दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेश यांनाच लागू होती. इतर राज्यांना ती विधिमंडळाच्या ठरावाने स्वीकारावी लागते. त्यामुळे महाराष्ट्रातील कारखान्याला लिहिलेल्या पत्रात या मुद्द्याचा उल्लेख पहिल्या ओळीत असायला हवा होता, तो शेवटपर्यंत कुठेच नव्हता. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. प्रदूषक पाणी सोडण्यासारख्या अनेक उल्लंघनांवरील कैद त्या दुरुस्तीने काढली हे खरे. पण संमतीपत्राशिवाय उद्योग उभारणे किंवा चालवणे यावरील सहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद तशीच ठेवली आहे. संमतीपत्राची मुदत संपत आलेल्या एखाद्या कारखानदाराने ते पान वाचून नूतनीकरण लांबणीवर टाकले असते, तर त्याची जबाबदारी कोणी घेतली असती? आम्ही लेखी विचारणा केल्यावर सुधारित पान आले, त्यात दोन्ही बाबी नीट मांडल्या होत्या, न्यायनिर्णयाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करताना शास्तीच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते हेही त्यात घातले होते. परंतु ते पान फक्त आम्हाला आले. त्याच फर्मच्या आमच्या शेजारच्या ग्राहकाकडे जुनेच पान आहे.

पांढऱ्या श्रेणीतील, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषण करणाऱ्या, उद्योगांना संमतीपत्रातून मिळालेल्या सवलतीचे टिपण छोटे आणि अचूक होते. नोव्हेंबर २०२४ ची ती सवलत आम्हाला लागू नाही, कारण धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करणारा कारखाना पांढऱ्या श्रेणीत बसत नाही. हे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि आशा लावली नाही.

आता प्रत्यक्ष कारखान्यातील कामाकडे येतो, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. आमच्याकडे सात टाक्यांची प्रक्रिया चालते : डीग्रीसिंग (तेल काढणे), डीरस्टिंग (गंज काढणे), फॉस्फेटिंग (धातूवर फॉस्फेटचा थर देणे), पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणे) आणि मधल्या धुण्याच्या टाक्या. फॉस्फेटिंगच्या टाकीच्या तळाशी पांढरट गाळ साचतो, सांडपाणी प्रक्रियेत चुना मारल्यावर आणखी गाळ निघतो, आणि तेलकट चिंध्या व रसायनांचे रिकामे ड्रम वेगळेच. धोकादायक व इतर कचरा नियम, २०१६ यांनुसार हा कचरा सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्यांना मंडळ ही मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. नाशिकमधला लहान कारखानदार इथेच अडतो. हा कचरा रांजणगावसारख्या सामाईक प्रक्रिया व विल्हेवाट केंद्रावर जावा लागतो, आणि चार-सहा ड्रमांसाठी स्वतंत्र गाडी बोलावणे परवडत नाही. म्हणून एकाच रस्त्यावरच्या अनेक कारखान्यांचा माल एका फेरीत उचलण्याची व्यवस्था सल्लागाराने करायची असते. करारात तसे शब्द होते.

प्रत्यक्षात पहिल्या दोन तिमाहीत गाडी ठरल्याप्रमाणे आली, तिसरीत आली नाही. पाहणीसाठी आलेला तरुण कर्मचारी कष्टाळू होता, त्याने ड्रम एका बाजूला सरकवून, खाली गळती धरणारा कट्टा करून घेतला आणि आमच्या टाकीवरच्या वयस्कर कामगाराला सांगितले, "मामा, लेबलवर तारीख टाकल्याशिवाय ड्रम बंद करायचा नाही. कोणी विचारलं तर आधी तारीखच बघतात." लेबल नमुना ८ प्रमाणे होते, नमुना ३ ची नोंदवही अद्ययावत होती, ३० जूनपूर्वी भरायचे नमुना ४ चे विवरणपत्रही वेळेत गेले. पण तारखांनी भरलेले ते ड्रम जागेवरच उभे होते. कागद जितके चोख, तितका मुदत उलटल्याचा पुरावा स्पष्ट, अशी विचित्र अवस्था झाली. कार्यालयात फोन केला की 'साहेब, गाडी भरली की पाठवतो' एवढे उत्तर मिळे.

याहून महत्त्वाची बाब मॅनिफेस्टची, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतूक-पत्राची. नमुना १० च्या सात रंगीत प्रतींपैकी निळी प्रत ही केंद्राने माल स्वीकारल्याची सही करून कचरा पाठवणाऱ्याकडे परत यायची असते. पिवळी प्रत गाडी निघतानाच आपल्याकडे राहते, तिच्यावर वाहतूकदाराची सही असते. पण माल खरोखर रांजणगावला पोहोचला की वाटेत कुठे नाल्यात रिता झाला, हे फक्त निळ्या प्रतीवरून सिद्ध होते. फर्मने आमच्या फायलीत पिवळ्या प्रती व्यवस्थित लावल्या होत्या आणि निळ्यांसाठी रिकामे प्लॅस्टिकचे खिसे ठेवले होते. वर्षाअखेरीस दोनपैकी एकच निळी प्रत आली. नव्या व्यवस्थेत जबाबदारी कागदावरून ठरणार असेल, तर ज्या एका कागदावर सगळे अवलंबून आहे त्याचा पाठपुरावा न करणारी सेवा अपुरीच म्हटली पाहिजे. सातपूर आणि अंबडच्या बाजूने वाहणारी नंदिनी, जिला जुने लोक नासर्डीच म्हणतात, पुढे गोदावरीला मिळते. सिंहस्थ तोंडावर असताना या नाल्या-नद्यांच्या पाण्याची तपासणी सैल होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

फाटकावर लावायच्या फलकाचे कामही अर्धवट झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००३ मधील आदेशानंतर धोकादायक कचऱ्याचा तपशील कारखान्याच्या दर्शनी भागी लावावा लागतो. फलक रंगवून सुंदर आला, मराठी शुद्ध होते, परंतु त्यावरील आकडे आदल्या वर्षाच्या विवरणपत्रातले होते आणि बदलण्याची सोय नसल्याने ते वर्षभर तसेच राहिले. पुढच्या वेळी आकड्यांच्या जागी खडूने लिहिता येईल असा काळा पट्टा ठेवावा, एवढी सूचना केली आहे.

घनकचऱ्याच्या नव्या नियमांविषयी त्यांचे टिपण वेळेवर आले. २०१६ चे नियम बाजूला सारून आलेले घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ हे १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असून त्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वेगळे भाग करायचे आहेत. आमच्या जेवणाच्या खोलीसाठी चार डबे आले, त्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहिली गेली. तेलकट चिंधी यांपैकी कोणत्याच डब्यात टाकायची नाही, ती धोकादायक कचऱ्याच्या ड्रममध्येच जाईल, हे त्यांनी कामगारांना दोनदा समजावून सांगितले. घंटागाडीत जाऊ नये असा माल तिच्यात जाण्याचा मार्ग त्यामुळे एक तरी बंद झाला.

एका मुद्द्यावर मात्र फर्मच्या विक्री प्रतिनिधीला स्पष्ट थांबवावे लागले. ऑगस्ट २०२५ च्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांनंतर नोंदणीकृत लेखापरीक्षकांची व्यवस्था येत आहे, आणि 'ते ऑडिटही आम्हीच करून देऊ, पॅकेजमध्ये घ्या' असे त्यांनी सुचवले. लेखापरीक्षक यादृच्छिक पद्धतीने नेमला जावा हा त्या नियमांचा गाभाच आहे. जो माणूस आमची नोंदवही लिहितो त्यानेच ती तपासावी, हे आम्हालाही नको आणि कायद्यालाही नको. प्रतिनिधीने पुन्हा तो विषय काढला नाही.

एकूण पाहता कायद्याच्या माहितीसाठी पाचपैकी चार, कागदपत्रांसाठी साडेतीन आणि प्रत्यक्ष विल्हेवाटीसाठी दोन गुण देईन. ज्यांच्याकडे रासायनिक गाळ निघत नाही, नुसते मशीनिंग किंवा जुळणीचे काम आहे, त्यांना ही सेवा महाग पडेल. वर्षातून एकदा तासाभराचा सल्ला घेणे त्यांना पुरेसे आहे. प्लेटिंग, फॉस्फेटिंग, ॲनोडायझिंग करणाऱ्यांनी घ्यावी, परंतु करारातील भाषा स्वतः वाचून बदलून घ्यावी. आम्ही नूतनीकरण केले आहे, शुल्क तेच ठेवले आहे आणि दोन अटी नव्याने घातल्या आहेत : कायद्यातील दुरुस्तीच्या प्रत्येक टिपणात ती महाराष्ट्राला कोणत्या तारखेपासून लागू आहे किंवा नाही हे पहिल्या ओळीत असावे, आणि त्या तिमाहीत उचललेल्या मालाची निळी प्रत फायलीत लागल्याशिवाय त्या तिमाहीचे बिल मंजूर होणार नाही. दुसऱ्या अटीवर फर्मने बरीच खळखळ केली, शेवटी सही केली.