पद्मिनीचे मागचे ड्रम ब्रेक: पडून राहिलेला कंपनी माल, नवा लोकल माल की आपलाच भाग दुरुस्त?

प्रीमियर पद्मिनी या गाडीचं उत्पादन थांबून सुमारे 25 वर्षं झाली, अँबॅसडरही 2014 मध्ये बंद पडली. तरी मागच्या ब्रेकचं सामान पुण्यात आजही शोधलं तर मिळतं. गडबड होते ती नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन ‘पूर्ण सेट द्या’ म्हटलं की. शू (लायनर म्हणजे घर्षणाचा थर लावलेले, ड्रमला आतून दाबणारे कमानदार तुकडे), सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा), ड्रम (चाकाबरोबर फिरणारी वाटी) आणि रबर या प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो, आणि एकाच दुकानात चारही चांगले मिळतील असं क्वचितच होतं.

खरेदीआधी ड्रम उतरवून बघा. निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) सैल करा. झिजलेल्या ड्रमच्या काठाला कड आलेली असते आणि शू तिच्यात अडकतात. आत ओल दिसली तर ती कसली हे आधी ठरवा. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि ते सिलिंडरच्या रबरी टोपीखालून येतं. दाट, उग्र वासाचं तेल असेल तर ते एक्सलचं गिअर ऑइल, म्हणजे ऑइल सील गेलं. सील न बदलता नवे लायनर लावले तर तेही तसेच भिजणार. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका: तेल आतवर मुरलेलं असतं आणि ड्रम तापला की परत वर येतं.

सगळ्यात जास्त विचार व्हील सिलिंडरचा करावा लागतो. कंपनीच्या खोक्यातला जुना न वापरलेला सिलिंडर मिळाला तर मोह होतो. त्याचं ओतकाम आणि आटे बहुधा चोख असतात, पण आतले कप (ऑइल अडवणाऱ्या रबरी वाट्या) वर्षानुवर्षं पडून कडक झालेले असतात. तो उघडून, भोक तपासून, नवीन रबर किट टाकूनच बसवायचा. नवा लोकल सिलिंडर स्वस्त आणि लगेच मिळणारा, धोका मापाचा. 19.05 मिमीच्या जागी 22.22 मिमीचा बसवला तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 36 टक्क्यांनी वाढतं, तेवढाच शूवरचा जोरही. मग ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी फिरते. त्यामुळे दुकानात माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपर न्याच, आणि जुना सिलिंडर सोबत असू द्या. आट्यांचंही तसंच. 10 मिमीचा मेट्रिक आणि 3/8 इंची पाइप नट हातात सारखेच वाटतात, पण दुसऱ्याचा व्यास 9.525 मिमी. तो मेट्रिक भोकात ढिला का होईना फिरतो, आणि जोर दिला की आटे खातो. फियाटच्या (पद्मिनी) आणि मॉरिसच्या (अँबॅसडर) घराण्यातलं सामान एकाच टोपलीत ठेवणाऱ्या दुकानात हे हमखास घडतं.

तिसरा पर्याय म्हणजे आपल्याच सिलिंडरला पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (आतली नळी) मारून मूळ मापाचं होनिंग, म्हणजे भोक घासून गुळगुळीत, करून घेणं. कपाच्या वाटेत गंजाचे खड्डे असतील तर नुसत्या होनिंगने भागत नाही: खड्डे जाईपर्यंत भोक मोठं होतं आणि कप गळतो. स्लीव्हला वेळ लागतो, कारागीर चांगला लागतो. ऑइल येण्याच्या भोकाची धार मोडली नसेल तर नवा कप पहिल्याच दिवशी कापला जातो. पण मूळ माप आणि मूळ आटे दोन्ही टिकतात, म्हणून योग्य मापाचा सिलिंडर हाती लागत नसेल तर आमचं मत इकडेच.

शूच्या बाबतीत निवड सोपी आहे. आपलेच शू सरळ असतील तर त्यांनाच नवे लायनर लावून घ्या. तयार लोकल शूची कमान ड्रमशी जुळेलच असं नाही. टोकंच टेकली तर ब्रेक ओरडतो आणि पकडत नाही. रिव्हेटचा लायनर असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर 0.8 मिमी, चिकटवलेला असेल तर 1.6 मिमी उरला की बदलायचा. दोन्ही चाकांना एकाच जातीचे लायनर. जुन्या साठ्यातल्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ड्रम मात्र भंगारातल्या गाडीचाही चालतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, एखादा दिसला तर आधी बोटाने वाजवा: भेगाळलेला ड्रम बद्द वाजतो. मग आतला व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. लेथवर फिरवायचा तर दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्याच मापाला, आणि मॅन्युअलमधली किंवा ड्रमवर ओतलेली कमाल मर्यादा न ओलांडता. ड्रम मोठा झाला की लायनरची कमानही त्याला घासून जुळवून घ्यावी लागते; म्हणून ड्रम आधी, लायनर नंतर.

रबर किट आणि रिटर्न स्प्रिंग नवीनच घ्या, इथे तुलनेला जागा नाही. कप पेट्रोलने पुसले की फुगतात. ब्रेक ऑइलनेच पुसा. ऑइलच्या दर्जात डॉट 3 किंवा डॉट 4 चालेल, सिलिकोनचं डॉट 5 त्यात मिसळू नका.

जोडणी झाली की ब्रेकच्या पाइपमध्ये अडकलेली हवा (एअर) काढा, मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 च्या वेगावरून हलके ब्रेक मारत, मध्ये ड्रम गार होऊ देत लायनर ड्रमला घासून बसू द्या, आणि मगच अ‍ॅडजस्टर पुन्हा बघा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी ताणा. आधीच ताणली तर शू ड्रमला टेकून राहतात आणि अ‍ॅडजस्टरचं माप खोटं लागतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावा. नाहीतर लायनर गंजलेल्या ड्रमला धरून बसतात.