आरशासमोरचा कुंचला आणि हातातला कॅमेरा

स्वतःचे चित्र रंगवणे आणि सेल्फी काढणे यांत कौशल्याचे अंतर मोठे असले, तरी एका बाबतीत दोन्ही विलक्षण जवळ येतात. सुमारे १५२४ मध्ये इटालियन चित्रकार पार्मिजानिनो याने बहिर्वक्र आरशात पाहून, तशाच फुगीर लाकडी फळीवर स्वतःला रंगवले, तेव्हा आरशाच्या जवळ असलेला हात अवाजवी मोठा झाला आणि आरशाच्या वक्रतेमुळे मागची खोली वाकली. फोन जवळ धरल्यावर नाक मोठे आणि कान मागे सरलेले दिसतात, तेही अंतर कमी पडल्यामुळेच.

खरा फरक वेळेचा आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटने सुमारे चाळीस वर्षे स्वतःला पुन्हापुन्हा रंगवले, आणि १६६९ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षीही, सैल पडलेली कातडी झाकली नाही. हे धैर्य मला सेल्फीत क्वचितच आढळते, कारण तिथे नावडता चेहरा क्षणात पुसता येतो. १८३९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात छायाचित्रणाचे प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट कॉर्नेलियसने कॅमेऱ्याने स्वतःची छबी टिपली, तेव्हा ही सोय नव्हती.

तरीही एका मुद्द्यावर सेल्फीच सरस ठरते: रंग, आरसा आणि शिक्षण ज्यांच्या आवाक्यात नव्हते, त्यांनाही आपण कसे दिसावे हे आता स्वतः ठरवता येते.