साथीचा रोग शिकवताना: इतिहास की भूमिकानाट्य?

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने विचारले, की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साथीची मानवी बाजू कळावी म्हणून मिळालेल्या दोन तासांत जुन्या नोंदी वाचाव्यात की भूमिकानाट्य करावे. खर्च दोन्हींत नगण्य आहे. इतिहासाला तयारी अधिक लागते. पण १८९७ च्या पुण्यातील प्लेगमधील सैनिकांकरवी झालेली घरझडती, सक्तीचे विलगीकरण आणि रुग्णसेवा करताना संसर्ग होऊन झालेला सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू एकत्र वाचला, की लोक रोगाइतकेच उपायालाही का घाबरत, हे उमगते. भूमिकानाट्यात रुग्णाशी बोलण्याचा सराव होतो, परंतु नंतरची चर्चा गाळल्यास केवळ अभिनय उरतो. सार्वजनिक आरोग्याची दृष्टी हवी असल्यास इतिहास निवडावा. संवादकौशल्य हवे असल्यास आणि गट लहान असल्यास भूमिकानाट्य.